मदत हवी आहे: पीडी (पोटातून होणारं डायलिसिस) पेशंटमध्ये पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) ओळखायला प्रोकॅल्सिटोनिनचा (संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) कट-ऑफ किती धरता?

सीएपीडीची (मशीनशिवाय, हातानं द्रव बदलत केलेल्या पीडीची) बॅग गढूळ आली की निदान त्या पाण्यावरच होतं: किमान 2 तास पोटात राहिलेल्या द्रवात मायक्रोलिटरला 100 च्या वर पांढऱ्या पेशी, त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. जंतू शोधायला त्यातला 5-10 मिली द्रव थेट ब्लड कल्चर बाटलीत. इथवर वाद नाही.

अडतं रक्ताच्या तपासण्यांपाशी. सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) काय, दुसऱ्या कुठल्याही सुजेनं चढतो. प्रोकॅल्सिटोनिन किडनी निकामी असताना संसर्ग नसतानाही मिलीलिटरला 0.5 नॅनोग्रॅमच्या वर सापडतं, म्हणजे नेहमीचा कट-ऑफ इथे फसवा. मग पेशंट ठणठणीत असतानाच बेसलाइन काढून ठेवता का? अँटिबायोटिकनंतर पुन्हा कधी पाठवता, 48 तासांनी? की 5 दिवसांत पाणी निवळलं का, एवढंच बघून पोटातली डायलिसिसची नळी (कॅथेटर) काढायचं ठरवता?