टोडस्टूल लेदर कोरलच्या कडेला काळा डाग, वासही येतोय. शेडिंग (कात टाकणं) की सडणं?

धायरीची_अबोली (१४ एप्रिल, रात्री ११.२०)

मंडळी, मदत हवी आहे. खाऱ्या पाण्याचा टँक २०० लिटरचा, तीन वर्षांचा, सगळे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). दोन ओसेलॅरिस क्लाउन, एक यलोटेल डॅमसेल. मधोमध टोडस्टूल लेदर, अळंबीच्या आकाराचा. आणला तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याएवढा होता, आता टोपी नाश्त्याच्या बशीएवढी आहे.

पंधरा दिवस झाले, एकही पॉलिप (टोपीवरचं बारीक फुलासारखं तोंड) बाहेर नाही. वर्षातून तीन-चारदा तो असा रुसतोच, मेणचट पापुद्रा सुटला की परत फुलतो, म्हणून मी स्वस्थ बसले. या वेळी पापुद्रा सुटलाच नाही. शनिवारी कडेला बोटाच्या पेराएवढा काळपट डाग दिसला. आज सिरिंजने पाण्याची हलकी फुंकर मारली तर तिथून तपकिरी, बुळबुळीत चिंध्या निघाल्या. हाताला वास विसरलेल्या ओल्या बोंबलाचा.

ग्रॅव्हिटी (खारेपणा) १.०२५, अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४१०, नायट्रेट १०, अमोनिया शून्य. तापमान दुपारी पंखा लावूनही २८.५. महिनाभरात नवीन काही आणलेलं नाही. मासे ठणठणीत, दाणे टाकले की तुटून पडतात. माझं चुकतंय कुठे?

मी_खारा (१४ एप्रिल, रात्री ११.४८)

क्लाउन त्याच्यावर झोपतात का? माझ्याकडच्या जोडीने लेदर घासून घासून हैराण केला होता. फ्लो (पाण्याचा प्रवाह) वाढव आणि वाट बघ. माझा तर एकदा तीन आठवडे बंद होता.

वारजेकर_रीफ (१५ एप्रिल, सकाळी ७.०५)

वास आला म्हणजे शेडिंग नाही. शेडिंगमध्ये कातडी चकचकीत दिसते, पण दाबली तर घट्टच लागते. मऊ पडून चिंध्या सुटतायत म्हणजे मांस सडतंय, आणि ते पसरतं. नवीन ब्लेड घे, कोरल टँकबाहेर काढ (याचा रस बाकीच्यांना विषारी असतो), डागाच्या पुढे एक सेंटिमीटर चांगल्या भागात जाऊन काप. मग टँकच्याच पाण्यात, फिक्या चहाचा रंग येईल इतपत ल्युगॉल आयोडीन टाकून दहा मिनिटं डिप. टँकमध्ये पाणी गाळायला ताजा कार्बन.

लेदर आहे हे नशीब समज, कसाही कापला तरी जगतो. आणि दगडी प्रवाळाच्या मोहात पडणाऱ्यांसाठी जाता जाता: आपल्याकडचे रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ‘हॅमर (एक दगडी प्रवाळ) आणून देतो’ म्हणणाऱ्याकडे आधी कागद मागा.

जुना_टँकवाला (१५ एप्रिल, सकाळी ९.३०)

कापायचं आहेच, पण कापलेला तुकडा त्याच पाण्यात परत जाणार ना? अबोलीताई, तुम्ही माशांचं सांगितलंत. गोगलगायींचं काय?

धायरीची_अबोली (१५ एप्रिल, दुपारी १.१५)

काका, सहा टर्बो होत्या. मार्चअखेरीस एकेक उलटी पडायला लागली. सरळ करून ठेवली की पुन्हा उलटी. एकच उरली आहे, तीही वाळूवर बसून असते, काचेवर चढत नाही. क्लीनर कोळंबी पाडव्याच्या सुमारास कात टाकता टाकता गेली. उन्हाळ्याने झालं असेल म्हणून सोडून दिलं.

जुना_टँकवाला (१५ एप्रिल, दुपारी १.४०)

मासे मजेत आणि बिनकण्याचे तेवढे मरतात, म्हणजे माझ्या डोक्यात पहिलं तांबं येतं. माशांना इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झाला की तांब्याचंच औषध देतात. त्यांना जे सोसतं त्यात गोगलगाय जगत नाही. टॉपअपला (उडालेलं पाणी भरून काढायला) घरच्या आरओचं पाणी वापरता का? वापरत असाल तर झाकण उघडा आणि शेवटच्या कार्ट्रिजवर काय लिहिलंय ते वाचा.

धायरीची_अबोली (१५ एप्रिल, रात्री ८.५०)

काका, हात जोडते. कार्ट्रिजवर ठळक अक्षरात ‘कॉपर’.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टँकरचं पाणी सुरू झालं, तेव्हा आरओची सर्व्हिसिंग करून घेतली. माणूस म्हणाला, कॉपरवालं बसवतो, थोडे जास्त पडतील. सासरे एकदम खूश, कारण रोज रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवायची कटकट गेली. मी टीडीएस (पाण्यात विरघळलेलं एकूण किती) मोजला होता. आधी ३८, नंतर ४१. काही फरक नाही असंच समजले.

जुना_टँकवाला (१५ एप्रिल, रात्री ९.३०)

टीडीएस मीटर एकूण किती ते सांगतो, त्यात काय आहे ते नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलीग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. तुमच्या सासऱ्यांची काळजी नको. पण खुल्या समुद्रात तांबं या ०.०५ च्याही शंभराहून जास्त पटीने कमी असतं.

आणि हिशोब बघा. पंख्याने रोज चार लिटर तरी पाणी उडत असेल. उडतं ते नुसतं पाणी, तांबं मागेच राहतं. चाळीस दिवसांत १६० लिटर तुम्ही त्या टँकमध्ये बासुंदीसारखं आटवलंत.

आता ते पाणी बंद. पॉली फिल्टरचा (तांबं शोषणाऱ्या पॅडचा) तुकडा फ्लोमध्ये ठेवा, तांबं असेल तर निळा पडतो. सोबत कार्बन. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी मीटरवर शून्य दाखवत असेल तरच घ्या, त्यात मीठ कालवून चार-चार दिवसांनी २० टक्के पाणी बदला. पुढे आरओच्या मेंब्रेननंतर, कॉपरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वेगळी नळी काढा आणि तिला डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) लावा. मग सासऱ्यांचं तांबं त्यांना, तुमचं पाणी तुम्हाला.

धायरीची_अबोली (७ मे, रात्री १०.१०)

पॉली फिल्टर तिसऱ्या दिवशी काढला. एक कोपरा नीळ घातलेल्या पंचासारखा झाला होता.

कापायचं काम रविवारी स्टीलच्या परातीत केलं. बॅटरी धरायला अण्णाच, म्हणजे सासरेच उभे होते. वाटलं होतं रबरासारखं कापलं जाईल, पण ब्लेडखाली रवा असल्यासारखं करकरत होतं. मग वाचलं की त्याच्या अंगातच चुन्याचे बारीक कण असतात. जवळजवळ तिसरा हिस्सा टोपी गेली. चांगल्या भागातला एक तुकडा खड्याला चिकटवायला गेले, पण चिकटपणामुळे गोंद धरेना, शेवटी रबरबँड. बारा दिवसांनी खोडावर नवी कातडी दिसली. परवा संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर एका बाजूचे पॉलिप बाहेर आले, दहा-बाराच असतील. अण्णांनीच आधी पाहिले.

उरलेली टर्बो मात्र गेली. काचेवर शेवाळ माजलंय. नवीन आणू का?

जुना_टँकवाला (७ मे, रात्री १०.३५)

अजून नको. दगड-वाळूने शोषलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं. नवा पॉली फिल्टर टाका, आणि तो महिनाभर निळा पडला नाही तर एकच टर्बो आणा. ती आठवडाभर काचेवर फिरली की बाकीच्या. तोवर काच हाताने घासा.