सूक्ष्म, लघु की आटोपशीर?

गारगोटी: मुलांच्या विज्ञान मासिकासाठी अनुवाद करतेय, एका शब्दापाशी अडलेय. खडकाचं वय काढायला प्रयोगशाळेत खोलीभर यंत्रं लागतात. तीच लँडरवर, म्हणजे दुसऱ्या ग्रहावर वा चंद्रावर उतरणाऱ्या यानावर, मावतील एवढी करायची. चंद्रावरच्या 'इना' या ज्वालामुखीय खळग्यासाठी नासाने २०२३ मध्ये निवडलेला 'डिंपल' हा उपकरणसंच त्यातलाच. या 'मिनिएचरायझेशन'ला मी 'सूक्ष्मीकरण' लिहिलं, संपादकांनी खोडलं. काय लिहू?

जुनाबाजार: योग्य खोडलं. सूक्ष्म म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. 'लघुकरण' लिहा.

काटेतोल: 'लघुकरण' दिसलं की मुलं पान उलटतील. आमचे आजोबा सराफ. आठवडी बाजाराला न्यायचा त्यांचा काटा लाकडी डबीत बसायचा: पितळी पारडी एकात एक, दांडी तिरकी, कोपऱ्यात गुंजा. त्याला ते 'आटोपशीर काटा' म्हणायचे. तोलाला दुकानातल्याइतकाच पक्का. आटवलेल्या दुधासारखं, आकार कमी पण कस तोच.

जुनाबाजार: आटोपशीर 'आटोपणे'वरून, 'आटणे'वरून नव्हे. आणि नाम कसं करणार?

काटेतोल: नाम हवं कशाला? 'यंत्र आटोपशीर करणे' लिहा. मराठी क्रियापदावर चालते.

लाव्हा: मला दोन्ही पटत नाहीत. खडकातल्या रुबिडियम-८७ या अणूंचं हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होतं, त्यावरून 'डिंपल' वय काढणार. दोघांचं वस्तुमान जवळजवळ सारखं, त्यामुळे प्रयोगशाळेत आधी रसायनांनी ते वेगळे करतात. लँडरवर ते काम लेझर करतो, रंग जुळवून हवा तोच अणू आयनित, म्हणजे विद्युतभारित करतो. म्हणजे पद्धतच बदलली, यंत्र नुसतं लहान नाही झालं. आणि कृपया 'वय मोजणे' लिहू नका. मोजतात ते अणूंचं प्रमाण. वय 'काढतात'.

गारगोटी: 'काढतात' घेतलं. वयावरून आणखी एक. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने २०१३ मध्ये मंगळावर 'कम्बरलँड' खडकाचं वय काढलं, ४२१ कोटी वर्षं, ३५ कोटी इकडेतिकडे. पण तो खडक चिखलाचा, म्हणजे हे वय त्यात वाहून आलेल्या कणांचं. त्याच खडकाचं दुसरं वय सुमारे ७.८ कोटी, वरचे थर झिजून तो उघड्यावर आला तेव्हापासूनचं. त्याला काय म्हणू?

जुनाबाजार: अनावरण-काल.

काटेतोल: अनावरण पुतळ्याचं करतात. 'उघडीप' म्हणा.

जुनाबाजार: उघडीप पावसाची असते!

लाव्हा: आमच्याकडे विहीर खणताना मुरूम संपला की 'कातळ उघडा पडला' म्हणतात. 'उघडं पडल्याचं वय' का नको?

जुनाबाजार: माणसाचं बिंग उघडं पडतं.

काटेतोल: कातळही पडतो. विहिरीवर येऊन ऐका.