अनुभव धागा: घरातलं कष्टाळू, सचोटीचं माणूस

अवघड वेळ आली की मला थोरामोठ्यांची वचनं आठवत नाहीत, आई आठवते. ती शिवणकाम करायची. उरलेलं कापड वीतभर का असेना, घडी घालून कपड्यासोबत परत द्यायची. आतल्या शिवणीत दाबही भरपूर सोडायची, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. तुमच्या घरातल्या अशा माणसाबद्दल लिहा. रोजचंच लिहा.

* * *

माझे वडील गवंडी. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली जायचो. एकदा भिंत कमरेएवढी चढली आणि ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोऱ्याला टांगलेलं वजन, लावला तर बोटभर फरक. मालक तिथे नव्हता आणि वरून गिलावा होणारच होता. वडिलांनी चार थर उतरवले आणि सिमेंटचा माल घट्ट व्हायच्या आत विटा धुऊन काढल्या. काम उक्तं होतं, म्हणजे बुडालेला दिवस आमचाच. मी चिडलो, तर म्हणाले, "गिलावा जाड मारून झाकता येतं रे, पण जाड गिलावा पुढे सुटतो." नंतर 7 दिवस, अगदी सुट्टीच्या दिवशीही, सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायला जायचे. सिमेंट वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, हे मी फार पुढे पुस्तकात वाचलं. त्यांच्या हातांना ते आधीच ठाऊक होतं.

* * *

ताई परिचारिका आहे. रात्रपाळीत एका रुग्णाला औषध द्यायला अर्धा तास उशीर झाला. नोंदवहीत तिने खरी वेळ लिहिली, वरिष्ठांनाही आपण होऊन सांगितलं आणि बोलणी खाल्ली. सकाळी घरी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी तेव्हा दहावीत होते. त्यानंतर प्रयोगवहीत आकडे जुळवून लिहायला माझा हात धजावला नाही.

* * *

मामी रोखपाल होती. रोकड कमी भरली तर सगळेच शोधतात. ही जास्त भरली तरी उठायची नाही. ज्याचे पैसे त्याला फोन करून मगच घरी यायची. मामा तोवर कुकर लावून ठेवायचे, हेही सांगायलाच हवं.

* * *

गवंड्याच्या मुलाला विचारायचंय, त्या भिंतीचं पुढे काय झालं?

* * *

उभी आहे. वडील थकलेत आता. ओळंबा माझ्याकडे असतो, पितळेचा. दोरा तेवढा मी नवा घातलाय.