शब्दचर्चा: 'ट्रेन शेड'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'डिसयूज्ड' स्टेशनाला?

अनुवादक

इंग्लंडमधल्या मँचेस्टर सेंट्रल या बंद झालेल्या स्टेशनाच्या बांधणीवरचा एक लेख मराठीत आणतोय. पहिल्याच परिच्छेदात दोनदा अडलो.

स्टेशन सुरू झालं १ जुलै १८८० ला, बंद झालं ५ मे १९६९ ला. बघण्यासारखी गोष्ट एकच: रूळ आणि फलाट मिळून सगळ्यावर टाकलेली लोखंड-काचेची एक अखंड कमान. रुंदी २१० फूट, लांबी ५५०, उंची ९०, मध्ये एकही खांब नाही. इंग्रजीत याला 'ट्रेन शेड' म्हणतात. मी 'शेड' तसाच ठेवला आणि घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "आरेसारखं का? रात्री गाड्या उभ्या करायचं?"

दुसरा शब्द 'डिसयूज्ड'. 'वापरात नसलेले' हे सरकारी पत्रकासारखं वाटतं. सुचवा.

ठाणेकर

वहिनींचं बरोबर आहे. मराठीत शेड म्हणजे कारशेड, लोकोशेड, नाहीतर गोठ्यावरची पत्र्याची शेड. उतारू ज्याच्याखाली उभे राहतात त्याला आपण शेड म्हणतो, पण ती एका फलाटापुरती. पाऊस आला की 'शेडखाली या' म्हणतो ना, तेवढीच. सगळे रूळ पोटात घेणारं छप्पर डोळ्यांसमोर येत नाही. 'फलाटांवरचं छप्पर' म्हणा आणि मोकळे व्हा.

शब्दवेल्हाळ

'लोहमार्गछत्र' कसं वाटतं?

ठाणेकर

छत्रीसारखं वाटतं.

नागपूरकर

मांडव! मध्ये खांब नाही, बाजूंनी मोकळं, खाली माणसांची ये-जा. 'लोखंडी मांडव' म्हटलं की चित्र उभं राहतं.

अनुवादक

मोह होतोय खरा. पण मांडव चार दिवसांनी उतरवतात, हा १४० वर्षांहून जास्त उभा आहे. गंमत अशी, की इथे तात्पुरतं होतं ते वेगळंच. समोर दगडी दर्शनी इमारत बांधायची होती, ती कधी झालीच नाही. तिकीटघर वगैरेसाठी लाकडी बांधकाम 'सध्यापुरतं' म्हणून उभं केलं, तेच स्टेशन बंद होईपर्यंत चाललं. सीएसएमटीला आपण दर्शनी इमारतीवरून ओळखतो. इथे चेहराच नाही, नुसतं छप्पर. म्हणून त्या एका शब्दासाठी एवढा आटापिटा.

फॅब्रिकेशनवाला

उशिरा आलो, पण हा माझ्या धंद्याचा विषय आहे. तीस वर्षं गोदामांची छपरं उभी करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं, लेखात कुठे 'ट्रस' आला तर आमच्याकडे त्याला कैची म्हणतात. दोन तिरके, खाली एक आडवा, मध्ये आधार. शब्दकोशातला शब्द काय आहे मला माहीत नाही, वेल्डरला 'कैची चढव' म्हटलं की कळतं. पण मँचेस्टरच्या छपराला कैची लिहू नका. ती कमान आहे. कमान दोन्ही पाय बाहेर ढकलते, ते धरून ठेवायला काहीतरी लागतं. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन याच जातीचं, १८६८ चं, रुंदी २४० फूट. तिथे बार्लो नावाच्या इंजिनिअरने कमानीचे दोन पाय फलाटाखालच्या गर्डरांनी एकमेकांना बांधून टाकले. म्हणजे ताण घेणारा भाग प्रवाशांच्या पायाखाली. वर बघणाऱ्याला तो दिसतच नाही, म्हणून छप्पर हवेत तरंगल्यासारखं वाटतं. याला 'बंधनदंड' वगैरे काही लिहू नका. तंबूच्या दोरीला आपण तणावा म्हणतो, काम तेच. 'जमिनीखालचा तणावा' लिहा.

दुसरं, लोखंड. इंग्रजीत 'कास्ट' आणि 'रॉट' असे दोन प्रकार येतील, आणि अनुवादक दोन्हीला लोखंड लिहून पुढे जातात. तिथेच घोळ होतो. कास्ट म्हणजे बीड, ओतीव; रॉट म्हणजे घडीव लोखंड. घरात बिडाचा तवा असेल तर माहीत असेल: लोखंडी तवा आपटला की पोचा पडतो, बिडाचा फुटतो. बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चं. म्हणून त्या काळच्या स्टेशनांत उभे खांब बिडाचे, त्यांच्यावर ओतीव वेलबुट्टी, आणि मोठ्या गाळ्याच्या कमानी घडीव लोखंडाच्या. मँचेस्टरची कमानही घडीव लोखंडाचीच. हा फरक कळला की इमारत कळली.

तिसरं, 'स्पॅन' म्हणजे गाळा. पुलाचा गाळा म्हणतो तोच.

ठाणेकर

गाळा म्हटलं की आमच्याकडे भाड्याने देण्याचा गाळा! '२१० फुटांचा गाळा' वाचून लोक डिपॉझिट विचारतील. 😄

फॅब्रिकेशनवाला

काका, पुढे 'कमानीचा' जोडा, कोणी विचारणार नाही.

वाड्यातली

गाळ्यावरून आठवलं. वाड्यात दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, 'दहा खणांचं घर' वगैरे. इंग्रजीतला 'बे' तो हाच. सेंट पँक्रसच्या तळघरातल्या खांबांचं अंतर कशावरून ठरवलं होतं माहितेय का? बर्टन गावाहून रेल्वेने येणारी बिअरची पिंपं तिथे साठवायची होती, त्या पिंपांच्या मापावर. खणाचं माप पिंपाने ठरवलं! मँचेस्टरलाही फलाटांखाली विटांच्या कमानींचं मोठं तळघर आहे, माल ठेवायचं. त्याला मात्र 'तळघर' नको वाटतं, मजला पूर्ण जमिनीखाली नाही. 'कमानीखालचा मजला' बरं.

आणि फलाटाच्या छपराच्या कडेला टोकदार कापलेल्या लाकडी पट्ट्यांची रांग असते, तिला झालर म्हणा. हिल स्टेशनांवरच्या जुन्या बंगल्यांच्या पत्र्यालाही असते, तिथे झालरच म्हणतात.

अनुवादक

बीड, तणावा, गाळा, खण, झालर. सगळे घेतले. ट्रेन शेडसाठी पहिल्यांदा 'फलाट आणि रूळ दोन्ही झाकणारं कमानी छप्पर', पुढे नुसतं 'कमानी छप्पर'. आता 'डिसयूज्ड'?

नागपूरकर

पडीक. पडीक जमीन असते ना, तसं पडीक स्टेशन.

वाड्यातली

'ओसाड' नको, त्यात भुतं येतात. 'मोडीत काढलेलं' पण नको, मोडीत म्हणजे भंगारात. 'बंद पडलेलं' म्हणजे गिरणी किंवा घड्याळ आपोआप थांबल्यासारखं. हे कोणीतरी बंद केलं. ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालात २,३६३ स्टेशनं बंद करायची यादी होती. तिथे इंग्रजीत 'बीचिंगची कुऱ्हाड' म्हणतात, आणि आपल्याकडेही कुऱ्हाड कोसळतेच, तेव्हा हा वाक्प्रचार बिनधास्त घ्या. सरसकट शब्द हवा असेल तर 'बंद केलेलं'.

पडीक मला आवडतो, कारण पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ शकते. इंग्लंडमधल्याच बाथ शहराचं ग्रीन पार्क स्टेशन १९६६ ला बंद झालं, आता त्याच छपराखाली बाजार भरतो.

अनुवादक

मँचेस्टरचंही तसंच. बंद झाल्यावर काही वर्षं तिथे गाड्या होत्या, पण पार्किंगच्या. १९८६ ला 'जी-मेक्स' नावाने प्रदर्शनाचं सभागृह झालं. मग पडीक कसं म्हणू? पडीक होतं ते मधल्या सतरा वर्षांपुरतं.

शब्दवेल्हाळ

'माजी स्थानक'?

ठाणेकर

आमदार आहे का ते?

फॅब्रिकेशनवाला

आपण बोलताना काय म्हणतो? 'जुनं स्टेशन'. एसटी स्टँड हलवून वीस वर्षं झाली तरी रिक्षावाल्याला 'जुन्या स्टँडवर घे' सांगतो. तिथे आता मॉल असला तरी. जुनं म्हणजे फक्त वय झालेलं नाही, काम सुटलं पण पत्ता राहिला, असं.

अनुवादक

हे बसतंय. कारण २००७ ला त्या सभागृहाचं नाव बदललं, आणि पुन्हा 'मँचेस्टर सेंट्रल'च ठेवलं. तर सुरुवात अशी करतोय: "मँचेस्टरच्या जुन्या सेंट्रल स्टेशनात १९६९ पासून गाडी आलेली नाही, पण २१० फुटी गाळ्याचं कमानी छप्पर आणि नाव, दोन्ही जागेवर आहेत."

वाड्यातली

'कमानीच्या गाळ्याचं' करा, नाहीतर ठाणेकर काका डिपॉझिट घेऊन येतील.