घरी बिटकॉइन मायनिंग सुरू करायचं आहे, एस-नाइन मशीन घेऊ का?

प्रश्न : आर्णीकडचा सेवाकेंद्रवाला

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, आधारची कामं. घरी चार एकर कपाशी अन् दोन एकर तूर आहे. कॉम्प्युटर उघडणं, विंडोज टाकणं, राउटर बसवणं हे सगळं मीच करतो, त्यामुळे यंत्राची भीती नाही.

नागपूरला एका जणाकडे बिटकॉइन काढायच्या, वापरलेल्या अँटमायनर एस-नाइन मशीन पाहून आलो. १८ हजाराला एक म्हणतो, तीन घेतल्या तर ५० हजारात देतो. तीन मशीनवर महिन्याला २० हजार सुटतात असं त्याचं म्हणणं आहे. माझ्याजवळ ६० हजार आहेत. त्यातले ४० बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून दिले, म्हणून विचारूनच पाऊल टाकायचं आहे.

मशीन घरामागच्या खोलीत ठेवीन, जिथे आम्ही कापूस भरतो. शिवाय शेतात ५ एचपीचा सोलर पंप आहे. हरभऱ्याचं शेवटचं पाणी झालं की त्याच्या प्लेटा रिकाम्याच उभ्या असतात. त्यावर मशीन चालेल का? कोणता पूल (अनेकांच्या मशीन जोडून कमाई वाटून घेणारा गट), कोणतं वॉलेट (बिटकॉइन ठेवायचं खातं) हेही सांगा.

उत्तर : पुसद

भाऊ, एवढे पैसे कशाला गुंतवतो? मोबाइलवर मायनिंगचं ॲप येतं, रोज एकदा बटन दाबायचं. आमच्या गावातले पाच-सहा पोट्टे करतात.

उत्तर : आर्वीचा कापूसवाला

पुसदवाले भाऊ, ते बटन दाबणं म्हणजे मायनिंग नाही. मायनिंग म्हणजे मशीनने गणित सोडवून बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद पक्की करायची अन् त्याबद्दल नवे बिटकॉइन मिळवायचे. मोबाइलच्या चिपने आज बिटकॉइन निघत नाही. त्या ॲपला पैसे अन् आधारची झेरॉक्स कोणी देऊ नका.

आता आर्णीच्या भावाला. मी स्वतः हे केलं आहे, म्हणून हात राखून लिहीत नाही. आधी हिशेब पाहू.

बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदीचं एक पान, साधारण १० मिनिटांनी निघतो, दिवसाला १४४. सुरुवातीला, २००९ मध्ये, ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळत. दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर ते निम्मे होतात. एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात. म्हणजे दिवसाला ४५० बिटकॉइन, अन् तेवढेच साऱ्या जगाच्या मशीन आपापल्या ताकदीप्रमाणे वाटून घेतात. मशीन वाढल्या म्हणून जास्त निघत नाहीत. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे दोनेक आठवड्यांनी, गणित आपोआप बदलतं: मशीन वाढल्या तर अवघड, कमी झाल्या तर सोपं.

एस-नाइनची ताकद साडेतेरा टेराहॅश, म्हणजे सेकंदाला साडेतेरा लाख कोटी वेळा ते गणित करून पाहते. जगाची एकूण ताकद आपण ८०० एक्झाहॅश धरू, म्हणजे ८० कोटी टेराहॅश. तुझ्या एका मशीनच्या वाट्याला दिवसाला साडेसातशे सातोशीच्या आसपास येतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. बिटकॉइन ८० लाखांचा धरला तरी हे झाले दिवसाचे ६० रुपये.

आता वीज. मशीन १३५० वॅट ओढते. चोवीस तासांचे ३२ युनिट, महिन्याचे पावणेदहाशे. घरगुती मीटरवर ५०० युनिटच्या पुढे गेलं की सगळ्यात महागडा दर लागतो. मी तरी सरासरी १२ रुपयेच धरतो. दिवसाचे ३८४ झाले. ६० कमवायला ३८४ घालायचे, अन् अशा तीन मशीन. २० हजार सुटतात म्हणणाऱ्याला त्याच्या मशीनचा पूलमधला महिनाभराचा हिशेब अन् त्याच महिन्याचं वीजबिल मागून पाहा.

पूलचं म्हणशील तर काही ठिकाणी ०.००५ बिटकॉइन जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. एका मशीनने तेवढे जमायला दीड वर्षाच्या वर लागेल.

माझी गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये मी सहा ग्राफिक्स कार्ड घेऊन इथेरियम, म्हणजे बिटकॉइनसारखंच दुसरं चलन, काढत होतो. आरएक्स ५८०, वापरलेले, २८ हजाराला एक पडलं. तेव्हा खरंच पैसे सुटत, बिल देऊनही. मीही तुझ्यासारखंच कापसाच्या खोलीला लागून रिग, म्हणजे त्या सहा कार्डांची जोडणी, मांडली होती. नोव्हेंबर होता, दुसरी वेचणी घरात आली होती. भिंतीपलीकडे नऊ क्विंटल कापूस, अन् दाराच्या फटीतून रुईचे तंतू उडत यायचे. पंख्यांनी ते ओढून घेतले. कार्ड थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये पांढरी गादी बसली होती, बोटाने काढली तर सलग पट्टी निघाली.

एका रात्री आईने उठवलं. प्लास्टिकचा वास येतोय म्हणाली. जाऊन पाहतो तर राइजरला (कार्ड बोर्डाशी जोडणारा तुकडा) साटा केबलवरून दिलेलं विजेचं कनेक्शन वितळून काळं झालं होतं, टोक चिकटलं होतं अन् धूर वर चढत होता. मेन स्विच पाडला. त्या वर्षी कापसाला आठ हजाराच्या वर भाव होता, म्हणून आम्ही तो विकला नव्हता. आई अन् मी पहाटेपर्यंत गंजीजवळ बसून राहिलो, एखादी ठिणगी तर आत नाही ना म्हणून हात घालून घालून पाहत होतो. म्हणून तुझा प्रश्न वाचल्याबरोबर लिहायला बसलो. कापसाच्या खोलीत मशीन ठेवू नको. यातली दुसरी कोणतीही गोष्ट ऐकली नाही तरी चालेल.

उन्हाळ्यात आणखी एक चूक केली. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो अन् या मशीन ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. मी रिगपुढे कूलर लावला. महिनाभरात बोर्डाच्या पिनांवर हिरवट गंज आला. ओली हवा अन् आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी, दुसरं काय होणार?

शेवटी १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली. दुपारी रिग चालू होती, पण काढायला काही उरलं नव्हतं. सगळ्यांनी एकदम कार्ड विकायला काढले. माझे सात हजाराला एक गेले.

कराचंही ऐक. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर उपकर. एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलं आहे. म्हणजे तुला घरात तोटा झाला तरी कागदावर तो नफाच.

उत्तर : काटोलचा वायरमन

वरच्या भावाचा हिशेब बरोबर आहे. मी फक्त विजेचं बोलतो.

तीन एस-नाइन म्हणजे चार किलोवॅट, रात्रंदिवस. खेड्यातल्या घरांचा मंजूर भार पुष्कळदा एक-दोन किलोवॅटचाच असतो. सर्व्हिस वायर बारीक, मीटरजवळचा न्यूट्रल ढिला. गिरणी तास-दोन तास चालते अन् थांबते, हे थांबत नाही. न्यूट्रल सुटला की शेजारच्या दोन घरांचे टीव्ही-फ्रिजही जातात. रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज १७० वर येतं, तेव्हा मशीन बंद-चालू होत राहील. डीपी जळाली तर सारं गाव तुझ्याकडे बोट दाखवेल.

शेतीच्या लाइनवर चालवायचा विचार कोणी देत असेल तर ऐकू नको. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

सोलर पंपाचं: प्लेटांमधून डीसी निघतो. कंट्रोलर त्याचा थ्री फेज करतो खरा, पण ऊन जसं कमी-जास्त तशी त्याची फ्रिक्वेन्सी अन् व्होल्टेज बदलतं. मोटर ते सोसते, मशीनचा पॉवर सप्लाय सोसणार नाही. ढग आला की बंद. अनुदानाच्या पंपाचा कंट्रोलर उघडून जोडजाड केली तर दुरुस्तीची हमीही जाईल.

प्रश्न विचारणारा : आर्णीकडचा सेवाकेंद्रवाला

दादा, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं अन् काही न बोलता मागच्या खोलीतलं होल्डर पाहायला गेले. तिथे अजून सहा क्विंटल कापूस आहे. होल्डरची वायर खरंच उघडी निघाली, आजच बदलली.

नागपूरवाल्याला पूलचा हिशेब मागितला. दोन दिवस झाले, उत्तर नाही. मशीन घेत नाही.

पण मला हे शिकायचं तर आहेच. ६० हजार न घालता काही करता येईल का?

उत्तर : आर्वीचा कापूसवाला

बाबांना माझा नमस्कार सांग. येईल ना, करता येईल.

घरी जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावर मोनेरो, म्हणजे असंच आणखी एक चलन, काढून पाहा. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्याची पद्धत अशी आहे की साध्या प्रोसेसरनेही काढता येतो. दिवसाला रुपया-दोन रुपयेही सुटणार नाहीत, पण पूल कसा जोडायचा, हॅशरेट (मशीनची ताकद) कुठे दिसतो, वॉलेट कसं बनतं हे सगळं हाताखालून जाईल. रात्री नको, तू समोर बसलेला असताना चालव. अँटिव्हायरस त्या प्रोग्रामला व्हायरस म्हणेल, म्हणून मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवून घे. केंद्रावरच्या ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार उघडतो त्यावर मात्र नको.

वॉलेट बनवताना जे शब्द दाखवतात ती त्याची चावी, ते वहीत पेनाने लिही. मोबाइलमध्ये फोटो काढू नको, कोणी फोनवर मागितले तर देऊ नको.

अन् ६० हजार घालायचेच असतील तर घराच्या छतावर सोलर लाव. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, त्याचे अर्ज तर तुझ्याच केंद्रावरून भरता येतात. पहिला अर्ज स्वतःचा भर. त्याआधी तुमचं वर्षाचं बिल किती युनिटचं येतं ते इथे लिही, किती किलोवॅट पुरेल ते काटोलवाले भाऊ सांगतील.

उत्तर : काटोलचा वायरमन

सांगतो. बारा महिन्यांची बिलं टाक, अन् मंजूर भार किती आहे तोही बिलावर छापलेला असतो, तो पाहा. छत पत्र्याचं की स्लॅबचं?