प्राप्तिकराचा परतावा रखडला, तेव्हा आपण काय केले?

नाशिक परिसरातील पगारदार, निवृत्त आणि लघुउद्योजक मंडळींनी प्राप्तिकराच्या रखडलेल्या परताव्याचे आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. प्राप्तिकर कार्यालय गडकरी चौकात असले, तरी विवरणपत्रांवरील प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रात होते आणि पैसे स्टेट बँकेमार्फत येतात. त्यामुळे विचारणा कोठे करावी, हेच अनेकांना कळत नाही. म्हणून परतावा नेमका कोणत्या टप्प्यावर अडकला होता आणि कशामुळे सुटला, हे अवश्य सांगावे.

अंबड, लघुउद्योजक

अंबड औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी जॉबवर्कचे युनिट आहे. ग्राहक कंपन्या आमच्या बिलांतून कलम १९४सी खाली १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापतात आणि आमचा नफा मुळातच बेताचा असल्याने त्यातील बरीचशी रक्कम परत मिळणे अपेक्षित असते. एका वर्षी मात्र परतावा अपेक्षेच्या निम्म्याहून कमी मंजूर झाला. विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर विभागाकडून येणारे कलम १४३(१) खालील सूचनापत्र वाचले, तेव्हा मी दाखवलेला टीडीएस आणि विभागाने मान्य केलेला टीडीएस यांतील फरक एकाच कंपनीने कापलेल्या रकमेएवढा असल्याचे दिसले. त्या कंपनीने कर कापून भरलाही होता, परंतु तिच्या तिमाही टीडीएस विवरणपत्रात माझ्या पॅनचे एक अक्षर चुकले होते आणि त्यामुळे माझ्या फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) ती रक्कम उमटलीच नव्हती.

अशा वेळी आपण आपले विवरणपत्र कितीही वेळा तपासले, तरी उपयोग होत नाही, कारण दुरुस्ती कर कापणाऱ्यानेच करावी लागते. मी बिले आणि बँकेचा खातेउतारा जोडून कंपनीच्या लेखा विभागाला पत्र दिले व पोच घेतली. बऱ्याच पाठपुराव्यानंतर त्यांनी दुरुस्ती विवरणपत्र भरले. रक्कम २६एएसमध्ये दिसू लागल्यावर मी प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केला, त्यात विवरणपत्रावर पुन्हा प्रक्रिया करण्याचा पर्याय निवडला आणि उरलेला परतावा मिळाला. या अर्जाला, ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला त्याच्या अखेरीपासून ४ वर्षांची मुदत असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्यासारख्यांचे हे खेळते भांडवल असते. दुसऱ्याच्या नोंदीतील एका अक्षरापायी ते अडकून पडावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते. आता दर तिमाहीनंतर मी २६एएस पाहतो आणि व्यवहार चालू असतानाच कंपनीला कळवतो, कारण काम संपल्यावर कोणी दाद देत नाही.

नाशिकरोड, निवृत्त कर्मचारी

माझा परतावा मंजूर झाला होता, परंतु खात्यात जमा होऊ शकला नाही. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्याने आयएफएससी कोड बदलला होता, शिवाय खात्यावर आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी असल्याने नावाचाही मेळ बसत नव्हता. बँकेत नाव दुरुस्त करून घेतले, पोर्टलवर खाते नव्याने प्री-व्हॅलिडेट केले (म्हणजे पडताळून घेतले) आणि रिफंड री-इश्यूची, म्हणजे परतावा पुन्हा पाठवण्याची, विनंती नोंदवली. ही विनंती आपणच करावी लागते. पैसे एकदा परत गेले, की ते आपोआप पुन्हा येत नाहीत. ज्येष्ठांनी आणखी एक काळजी घ्यावी. परताव्यासाठी दुवा उघडून खात्याची माहिती भरा, असे संदेश फसवणुकीचे असतात.

सिडको, नोकरदार

मला कलम २४५ खाली नोटीस आली. परतावा एका जुन्या थकीत कराच्या मागणीत वळता करण्याचा प्रस्ताव होता, परंतु तो कर मी तेव्हाच भरलेला होता. उत्तरासाठी २१ दिवस असतात आणि गप्प राहिल्यास रक्कम वळती होते, म्हणून मी मागणी अमान्य असल्याचे नोंदवून कर भरल्याच्या चलनाचा तपशील जोडला. जुन्या, लहान मागण्यांबाबत २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात दिलासा मिळाला होता: २००९-१० पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ साठी १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्यात आल्या. तरीही पोर्टलवर थकीत मागणीचा रकाना पाहून घ्यावा.

पंचवटी, गृहिणी

माझ्या मुदत ठेवींवरील व्याजातून टीडीएस कापला गेला होता. पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असल्याने दोन्हींची जोडणी होत नव्हती आणि १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय झाले. पॅन निष्क्रिय असेपर्यंत परतावा मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही. आधी पॅनवरील नाव बदलून घेतले, मग १,००० रुपये शुल्क भरून जोडणी केली आणि त्यानंतरच पुढची वाट मोकळी झाली. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी हे आधी तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सातपूर, पगारदार

वर पंचवटीच्या ताईंनी व्याजाचा उल्लेख केला आहे, म्हणून थोडे लिहितो. माझ्या प्रकरणात कोठेही त्रुटी नव्हती, केवळ प्रक्रियेलाच वेळ लागला. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले, ते संपल्यापासून ९ महिन्यांपर्यंत सूचनापत्र येऊ शकते. म्हणजे जुलै २०२४ मध्ये भरलेल्या विवरणपत्रासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. वेळेत विवरणपत्र भरलेले असेल, तर कलम २४४ए नुसार उत्पन्नाचे वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का साधे व्याज मिळते, म्हणजे ४०,००० रुपयांवर महिन्याला २०० रुपये. मात्र परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असल्यास व्याज मिळत नाही. मिळालेले व्याज करपात्र असते, त्यामुळे पुढील विवरणपत्रात ते इतर उत्पन्नात दाखवावे.