दूरचित्रवाणीवरील नोकरभरती आणि नाशिकच्या सातपूर-अंबडमधील नोकरीचा शोध

गंगापूररोडकर:
२००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, उमेदवारांना कामे देऊन एकेकाला काढून टाकणाऱ्या ‘द अप्रेंटिस’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात १६ उमेदवार होते आणि विजेत्याला डोनाल्ड ट्रम्प यांच्या उद्योगात वर्षभरासाठी अडीच लाख डॉलर पगाराची नोकरी मिळणार होती. त्या कार्यक्रमाचे तुकडे आवडीने पाहणारी अभियांत्रिकीची मुले माझ्या परिचयात आहेत. मालक समोर बसतो, आपण ठासून बोलायचे आणि शेजारच्याला मागे टाकायचे, अशी मुलाखतीची कल्पना त्यांच्या मनात बसली आहे. प्रत्यक्षात सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनीत मालकाची गाठ क्वचितच पडते. ओळखीतून जागेची बातमी कळते, बायोडाटा एचआरकडे किंवा ठेकेदाराकडे जातो, मुलाखत आटोपल्यावर ‘कळवतो’ असे सांगितले जाते आणि त्यानंतर कोणीही काही कळवत नाही. या शांततेची तयारी कोणताही कार्यक्रम करून घेत नाही, म्हणून तो उमेदवारांची दिशाभूल करतो, असे माझे मत आहे.

पंचवटीचा वाचक:
मी असहमत आहे. आपण ज्या शांततेबद्दल लिहिले आहे, तीच खरी अन्यायकारक आहे. त्या कार्यक्रमात निदान काढून टाकताना कारण तोंडावर सांगितले जाते. शिवाय तेथे उमेदवाराला अनेक कामांवर पारखले जाते, तर आपल्याकडे ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाच्या पाठ केलेल्या उत्तरावर वीस मिनिटांत निकाल लागतो. यांपैकी अधिक अवास्तव काय, हे आपणच ठरवावे.

आयटीआयवाला:
दोघेही केवळ पदवीधरांबद्दल बोलत आहेत. वेल्डरला दोन पट्ट्या जोडायला देणे किंवा टर्नरच्या हाती ड्रॉइंग देऊन जॉब काढून घेणे, ही ट्रेड टेस्ट औद्योगिक वसाहतीत जुनीच आहे आणि तिच्यात तोंडाळपणाला गुण मिळत नाहीत. ‘द अप्रेंटिस’मधील पहिलेच काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबू सरबत विकण्याचे होते, त्यावरून ट्रम्प यांच्या उद्योगातील बांधकामाचा प्रकल्प कोण सांभाळू शकेल हे कसे समजावे? पंचवटीकरांचा कामावर पारखण्याचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु काम त्या जागेशी संबंधित हवे. ज्या कार्यक्रमाला प्रेक्षक हवे असतात, तो भांडणारा उमेदवार शेवटच्या भागापर्यंत सोडणार नाही, ही शंका तर वेगळीच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायद्यानुसार प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे आहे. म्हणजे आपल्याकडच्या अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, अनुभव मिळतो, पण पर्मनंट होण्याची हमी मिळत नाही.

गंगापूररोडकर:
पंचवटीकर, कारण सांगितले जाते हे खरे असले तरी ते लाखो प्रेक्षकांसमोर सांगितले जाते. अपमान आणि अभिप्राय यांत फरक आहे. आपल्या एचआरने दोन ओळींचा नकार पाठवला तरी पुरे, त्यासाठी कॅमेरा लागत नाही.

पंचवटीचा वाचक:
ती दोन ओळींची अपेक्षा मलाही मान्य आहे. मात्र ती पूर्ण होत नाही याचा दोष दूरचित्रवाणीवर ढकलता येणार नाही.

सिन्नर फाटा:
२०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत नंतर अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर नोकरीची हमी तेथेही नव्हती. म्हणून रुजू होण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत: नेमणूक कंपनीच्या नावावर की ठेकेदाराच्या, भविष्य निर्वाह निधी कापला जाईल का, आणि सांगितलेल्या पगारातील हातात किती पडेल. असे प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराला कोणताही निर्माता पहिल्याच भागात घरी पाठवील, परंतु अंबडमध्ये ते विचारलेच पाहिजेत.